कॉलेजचे कपाट, घरची किल्ली



जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षे ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी फोन यायचे थांबलेले नाहीत, आणि त्यातले निम्मे एकाच प्रश्नाचे असतात. ‘‘सर, कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर माझी फाइल दिसते, घरी आल्यावर कुठं जाते?’’ विचारणारा कधी बी.एस्सी.चा विद्यार्थी असतो, कधी पीएच.डी. करणारे प्राध्यापक, कधी प्रकल्प अहवालाच्या मागे लागलेली इंजिनिअरिंगची मुलगी. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या मुख्य संगणकावर ठेवलेल्या वस्तू घरून कशा उघडायच्या आणि आवारात कशा उघडायच्या, यात एवढे अंतर का असते, हे आज सांगावे म्हणतो. विषय कोरडा वाटेल, पण आपल्या जिल्ह्यात तो एस.टी.च्या भाड्याशी आणि मुक्कामाच्या सोयीशी जोडलेला आहे.

आधी ही फाइल कुठे असते ते पाहू. प्रयोगशाळेत तुम्ही ज्या संगणकापुढे बसता, त्याच्या आत ती नसतेच. ती असते दुसऱ्या खोलीतल्या एका मोठ्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर. तुमच्या पडद्यावर ‘झेड’ किंवा ‘एच’ अशा अक्षराचा एक ड्राइव्ह दिसतो. ती खरे तर त्या मोठ्या यंत्राकडे उघडणारी खिडकी आहे. एका भिंतीला कपाट आहे आणि वीस खोल्यांतून त्याच कपाटाची दारे निघालेली आहेत, असे समजा. कोणत्याही खोलीत बसा, आपला कप्पा तोच. म्हणून काल पहिल्या रांगेत बसून लिहिलेले आज तिसऱ्या रांगेतही सापडते. घरच्या संगणकाला मात्र या कपाटाचे दार नाही. फाइल जिथे होती तिथेच असते.

आता आपला भूगोल बघा. यवतमाळ जिल्ह्याचे स्वतःचे विद्यापीठ नाही. नागपूर विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. आता ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते, आणि अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम व यवतमाळ असे पाच जिल्हे त्याच्याकडे आहेत. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यापीठ नाशिकला, कृषी शिक्षणाचे अकोल्याला. यवतमाळहून अमरावती नव्वद किलोमीटरच्या आसपास. पण जिल्हा म्हणजे यवतमाळ शहर नव्हे. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ आणि अमरावती दूर. झरी-जामणीचा माणूस तेलंगणाच्या सीमेवर राहतो. वणीला कामासाठी चंद्रपूर सोयीचे. सोळा तालुके, आणि प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला. अशा ठिकाणी ‘विद्यापीठाच्या आवारात आल्यावर सगळे मिळेल’ हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण त्याचा अर्थ एक दिवस, दोन गाड्या आणि हुकलेली शेवटची एस.टी. असा होतो. पुण्या-मुंबईत घरून जोडणी ही सोय असेल. आमच्याकडे कित्येकांना तेवढीच एक वाट आहे.

हे कपाट आले कुठून? त्याची गोष्ट विद्यापीठातलीच आहे. १९८२-८३ च्या सुमारास अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएम कंपनीबरोबर एक प्रकल्प हाती घेतला. विद्यापीठाच्या नावातले कार्नेगी आणि मेलन हे दोघेही अँड्र्यू, म्हणून प्रकल्पाचे नाव अँड्र्यू. आवारातले हजारो संगणक एकमेकांना जोडायचे आणि विद्यार्थी कुठेही बसला तरी त्याची फाइल त्याच्यापुढे आली पाहिजे, असा बेत होता. त्यातली फाइल ठेवण्याची व्यवस्था उभी करणाऱ्यांत पुढे होते महादेव सत्यनारायणन. शिक्षण मद्रासच्या आयआयटीत, मग कार्नेगी मेलनला डॉक्टरेट. त्यांच्या मंडळींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. तुम्ही फाइल उघडली की ती पूर्णच्या पूर्ण तुमच्या यंत्रावर आणायची, काम तिथेच होऊ द्यायचे, आणि बंद केली की बदललेली प्रत मोठ्या यंत्राकडे परत पाठवायची. दर अक्षरागणिक सर्व्हरकडे धावायचे नाही. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे घरच्या जोडणीत ती आपल्याला लागणार आहे.

सत्यनारायणन तेवढ्यावर थांबले नाहीत. १९८७ च्या सुमारास त्यांनी ‘कोडा’ नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेचे काम सुरू केले. त्यात विचारलेला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे: तार तुटली तर? माणूस प्रवासात असेल, सर्व्हर बंद पडला असेल, तरी त्याचे काम चालू राहिले पाहिजे, आणि जोडणी परत आली की दोन्हीकडच्या प्रतींचा मेळ बसला पाहिजे. अमेरिकेतल्या विद्यापीठात बसून त्यांनी हे कशासाठी केले असेल ते असो, मला मात्र ते वाचताना २००६-०७ चे आपले भारनियमन आठवत होते. दिवसाचे कित्येक तास वीज नाही, इन्व्हर्टर अर्ध्या तासात मान टाकतो, आणि पोरे पडद्याकडे बघत बसलेली. जोडणी तुटणार हे गृहीत धरून केलेली व्यवस्था आमच्यासाठीच केल्यासारखी होती! आज गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह मोबाइलवर वापरणाऱ्या मुलांना रेंज गेल्यावरही फाइल दिसते, रेंज आली की बदल वर जातात. कल्पना तीच. मेळ बसवण्याची भानगडही तीच. एकच फाइल दोघांनी दोन ठिकाणी बदलली तर खरी कोणाची? एकाच धुऱ्यावर दोन भावांनी नांगर घातल्यासारखे होते. यंत्र दोन्ही प्रती ठेवते आणि निवाडा तुमच्यावर सोडते.

बरे, आता आवारातल्या जोडणीकडे. तिथे काम सोपे आहे. आपल्या नावाने संगणक सुरू केला की बहुतेक ठिकाणी ड्राइव्ह आपोआप लागतो. नाही लागला तर विंडोजमध्ये ‘धिस पीसी’ उघडून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडायचे, एक अक्षर ठरवायचे आणि पत्ता लिहायचा: आधी दोन उलट्या तिरक्या रेघा, मग सर्व्हरचे नाव, मग एक उलटी रेघ, मग आपल्या फोल्डरचे नाव. नव्वद टक्के तक्रारी त्या रेघांच्या असतात. इंटरनेटच्या पत्त्यात रेघ उजवीकडे झुकते, इथे डावीकडे. एवढे सांभाळले की काम झाले.

पण आवारात सोपे का, यातच सगळी मेख आहे. आवारात यंत्र तुम्हाला ओळखते त्यात तुमच्या नावाचा वाटा थोडा आणि जागेचा मोठा असतो. प्रत्येक संगणकाला जाळ्यावर एक आकडी पत्ता असतो. विद्यापीठाचे पत्ते ठरलेले असतात. ‘आतला आहे’ एवढे कळले की दार उघडते. संशोधनाची नियतकालिके छापणाऱ्या परदेशी कंपन्याही वर्षानुवर्षे हेच करत आल्या. विद्यापीठाने वर्गणी भरली की त्याचे आकडी पत्ते कंपनीच्या यादीत चढतात. त्या पत्त्यावरून शिपायाने लेख मागितला तरी मिळतो. त्याच विद्यापीठाच्या कुलगुरूंनी स्वतःच्या घरून मागितला तर पैसे भरा म्हणून पाटी येते. यंत्राला माणूस ठाऊकच नाही, त्याला जागा ठाऊक आहे.

घरून उघडायचे म्हणजे जागेऐवजी माणूस ओळखायला शिकवायचे. ग्रंथालयांसाठी यावर एक उत्तम तोड काढली ती कुठल्या नामांकित विद्यापीठाने नव्हे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये एस्ट्रेला माउंटन कम्युनिटी कॉलेज नावाचे साधे कॉलेज आहे. तिथले ग्रंथपाल क्रिस झागर यांनी १९९९ मध्ये ‘ईझीप्रॉक्सी’ नावाची प्रणाली लिहिली. विद्यार्थी घरून नाव आणि पासवर्ड देतो, प्रणाली तो तपासते, आणि मग कॉलेजच्याच पत्त्यावरून कंपनीकडे लेख मागून विद्यार्थ्याला देते. कंपनीला वाटते, मागणी कॉलेजमधून आली. खोटे काही नाही, विद्यार्थी कॉलेजचाच आहे, फक्त त्याचे पाय घरी आहेत. पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी ती घेतली. दूरवरून येणाऱ्या मुलांची अडचण मोठ्या विद्यापीठाच्या संगणक विभागाआधी एका छोट्या कॉलेजच्या ग्रंथपालाला टोचावी, यात मला नवल वाटत नाही. काउंटरवर आम्हीच बसलेले असतो. (ग्रंथपालाचा हा अभिमान श्रोत्यांनी पोटात घालावा.)

ही झाली लेखांची आणि पुस्तकांची गोष्ट. तुमच्या स्वतःच्या फाइलींचा ड्राइव्ह घरून जोडायला वेगळी वाट लागते. कित्येकजण आवारातला तोच पत्ता, त्याच उलट्या रेघांसह, घरी टाकून बघतात आणि चिडतात. तो पत्ता घरून चालत नाही आणि चालूही नये. विंडोजचे हे कपाट ज्या भाषेत बोलते तिला एसएमबी म्हणतात आणि ती ४४५ क्रमांकाच्या दारातून ये-जा करते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाची संगणकी लागण जगभर पसरली. ती याच भाषेच्या जुन्या आवृत्तीतल्या दोषाचा फायदा घेऊन, याच दारातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेली. फाइली कुलूपबंद करायच्या आणि सोडवायला खंडणी मागायची, असा धंदा. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तेव्हापासून हे दार इंटरनेटकडे उघडे ठेवणे म्हणजे गोठ्याला दार न लावता निजणे. इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या ते आपल्या बाजूनेही बंद ठेवतात. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर अशाच खंडणीखोर हल्ल्यात बंद पडले आणि दोन आठवड्यांच्या आसपास रुग्णांची नोंद कागदावर चालली. तेव्हा कॉलेजचा संगणकवाला ‘घरून थेट जोडता येणार नाही’ म्हणाला तर तो आडमुठा आहे असे समजू नका.

मग वाट कोणती? व्हीपीएन. नाव भारी आहे, पण त्याला बोगदा म्हटले की कळते. घरच्या संगणकापासून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत इंटरनेटच्याच रस्त्याखालून एक झाकलेली वाट काढायची. त्यातून जाणारे सगळे सांकेतिक लिपीत, मधल्या कोणाला वाचता येत नाही. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाला तुमचे नाव, पासवर्ड आणि हल्ली मोबाइलवर येणारा एक तात्पुरता आकडा विचारतात. एकदा आत गेलात की यंत्राच्या दृष्टीने तुम्ही आवारातच बसलेले आहात. मग तोच पत्ता, त्याच दोन उलट्या रेघा, आणि ड्राइव्ह उघडतो. क्रम चुकवायचा नाही: आधी बोगदा, मग कपाट. काम संपले की कपाट बंद, मग बोगदा बंद. ही सोय सगळीकडे नाही. ज्या संस्थेने ती ठेवली आहे तिथे संगणक विभागाकडे अर्ज करून खाते मागावे लागते.

जोडणी लागली तरी दुसरी तक्रार ठरलेली: ‘‘सर, लागलं, पण लई हळू चालते.’’ त्याचे कारण इंटरनेट मंद असणे एवढेच नाही. ही कपाटाची भाषा फार बोलघेवडी आहे. एक फोल्डर उघडायला ती सर्व्हरला दहा गोष्टी विचारते आणि प्रत्येक उत्तराची वाट पाहते. आवारात उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येते. घाटंजीच्या पलीकडे एखाद्या वाडीवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, प्रत्येक उत्तराला थोडा थोडा उशीर होतो आणि त्या थोड्या-थोड्याचे मिनिट होते. इथे सत्यनारायणन यांची युक्ती कामाला येते. ड्राइव्हवरची फाइल तिथल्या तिथे उघडून काम करू नका. ती आधी स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्या, बोगदा बंद करा, निवांत काम करा, आणि रात्री जोडणी बरी असते तेव्हा परत ठेवा. नावापुढे तारीख लिहा म्हणजे जुनी कोणती आणि नवी कोणती हा घोळ होत नाही.

एक जुने दुखणे इथेच सांगतो. फाइल घरी पोचली, उघडली, आणि मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, असे झाले तर जोडणीला दोष देऊ नका. तो मजकूर कृतिदेव किंवा तसल्या एखाद्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे आणि घरच्या संगणकावर तो फाँट नाही. कॉलेजच्या कार्यालयांतून आजही ही टंकलेखनाची सवय सुटलेली नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेले मराठी कुठेही मराठीच दिसते. माझ्या काळात एका प्राध्यापकांचा अख्खा प्रबंध असा ‘बिघडला’ होता. खरे तर तो शाबूत होता, फक्त फाँट बसवायचा होता. पण मार्गदर्शकांना दाखवायची तारीख त्या आठवड्यातली होती. दोन रात्री त्या माणसाने कशा काढल्या ते त्यांच्या घरच्यांना विचारा.

आता आपल्या देशाने या कामी काय केले, ते थोडे. विद्यापीठांची ग्रंथालये जोडणारी इन्फ्लिबनेट ही संस्था १९९१ मध्ये सुरू झाली, ती आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राच्या छत्राखालचा प्रकल्प म्हणून. १९९६ मध्ये ती स्वतंत्र झाली आणि गुजरातेत वाढली. २००२ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना जोडणारे जाळे सुरू केले. ते विद्यापीठांपुरते होते, कॉलेजे बाहेरच. २००९ पासून केंद्राच्या शिक्षण अभियानातून कॉलेजांना बीएसएनएलच्या तारेवरून ५१२ केबीपीएस वेगाच्या जोडण्या मिळू लागल्या. खर्चाचा पाऊण वाटा केंद्राचा. आज मोबाइलवर त्याच्या कितीतरी पट वेग असतो, पण त्या वेळी आमच्या वाचनकक्षात ती तार आली तेव्हा पेढे वाटायचेच बाकी होते. व्हीपीएन हा शब्द जिल्ह्यातल्या कित्येक कॉलेजांनी पहिल्यांदा ऐकला तो बीएसएनएलच्या त्या जोडणीच्या कागदावर.

माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट झाली ती २०१० मध्ये. एन-लिस्ट नावाची योजना आली. कॉलेजने सभासद व्हायचे, विद्यार्थी आणि प्राध्यापकांची यादी पाठवायची, आणि प्रत्येकाला त्याच्या नावाने वेगळा पासवर्ड. नियतकालिके हजारोंनी, पुस्तके लाखाच्या घरात. तिचा खरा मोठेपणा असा, की इथे जागा विचारलीच जात नव्हती. पांढरकवड्याच्या घरात बसलेली मुलगी आणि अमरावतीच्या विद्यापीठ ग्रंथालयात बसलेला मुलगा यंत्रापुढे सारखेच. योजना करणाऱ्यांनी कागदावर आमच्या जिल्ह्याचे अंतर पुसून टाकले होते.

प्रत्यक्षात काय झाले? शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात मला एकदा कार्यशाळेला बोलावले होते. कॉलेजचे नाव सांगत नाही. सभासदत्व चालू, वर्गणी भरलेली, फलकावर ‘ई-ग्रंथालय’ अशी सुबक पाटी. मी मुलांना विचारले, पासवर्ड कोणाकोणाकडे आहे? एकही हात वर आला नाही. प्राध्यापकांत दोन हात. चौकशी केली तेव्हा कळले, की विद्यार्थ्यांची यादी पाठवलेलीच नव्हती. मोजके पासवर्ड कार्यालयातल्या एका वहीत, वही कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते त्या दिवशी रजेवर. कारण विचारले तर उत्तर आले, ‘‘पोरं गैरवापर करतील.’’ संशोधनाचे लेख वाचण्याचा गैरवापर कसा करतात, हे मला अजून उमगलेले नाही.

त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी कार्यक्रम संपल्यावर आली. झरीकडची. म्हणाली, ‘‘सर, पासवर्ड आमालेबी भेटते काय? मले वाटलं, तो सरायसाठीच असते.’’ तिच्या कापसावरच्या प्रकल्पासाठी ती तीन वेळा यवतमाळला जाऊन आली होती, लेखांच्या झेरॉक्स काढायला. सकाळच्या गाडीने निघायचे, दुपारी दोन तास मिळायचे, आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून निम्म्या कामावर उठायचे. तिला लागणारे लेख तिने भरलेल्या फीच्या आधारावर, तिच्याच कॉलेजच्या सभासदत्वात, तिच्या हक्काने, तिच्या मोबाइलवर मिळू शकत होते. वर्षभर. तिला कोणी सांगितले नव्हते एवढेच.

२०२० च्या टाळेबंदीत हे सगळे उघडे पडले. आवार बंद झाले आणि जागा ओळखणारी प्रत्येक व्यवस्था एका दिवसात निरुपयोगी झाली. ज्या संस्थांनी आधीच माणूस ओळखण्याची सोय केली होती त्यांची मुले घरी बसून वाचत राहिली. बाकीच्यांकडे व्हॉट्सॲपवर फिरणारी पानांची छायाचित्रे. त्या घाईत अनेक कॉलेजांनी आपली कपाटे गुगलसारख्या कंपन्यांच्या घरी हलवली. शिक्षणसंस्थांना तिथे हवी तेवढी जागा फुकट होती. पण २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले, की अमर्याद जागा बंद, साऱ्या संस्थेला मिळून शंभर टेराबाइट, आणि २०२२ पासून तो नियम लागू झाला. छोट्या कॉलेजला ती जागा पुरून उरते, मोठ्या विद्यापीठांची मात्र धावपळ झाली. परक्याच्या वाड्यात धान्य ठेवायला हरकत नाही, फक्त वाड्याचे नियम मालक बदलू शकतो, हे धरून चालावे आणि एक प्रत आपल्या घरी ठेवावी.

अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिके. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. सहा हजारांवर संस्थांसाठी केंद्राने एकदाच वर्गणी भरली. योजना मोठी आहे, तिचे कौतुक केलेच पाहिजे. पण पहिल्या टप्प्याची यादी बघताना आमच्या जिल्ह्याचा विचार मनात येतो. तो टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था अशा वर्गात येतात. आमची बहुसंख्य कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालये मात्र खासगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. पगार सरकारी अनुदानातून, पण संस्था खासगी. पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड या गावांतली मुले बहुतांश अशाच कॉलेजांत शिकतात. ज्याच्यासाठी अंतर सर्वांत जास्त, त्याचे कॉलेज पुढच्या टप्प्यासाठी थांबलेले. शिक्षणसंस्थांच्या चालकांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी हा मुद्दा दिल्लीपर्यंत नेला पाहिजे, असे मला वाटते.

तोवर ज्याला पासवर्ड लागत नाही ते तरी वापरा. ‘शोधगंगा’ या इन्फ्लिबनेटच्या भांडारात देशभरच्या विद्यापीठांतले लाखो पीएच.डी. प्रबंध आहेत, आपल्या अमरावती विद्यापीठाचेही आहेत, आणि ते कोणालाही, कुठूनही वाचता येतात. शेतकऱ्याच्या मुलाला सोयाबीनवरचा प्रबंध हवा असेल तर त्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज नाही.

आता प्रवेशाचे दिवस येतील. फी भरताना पावतीबरोबर ग्रंथालयात जाऊन स्पष्ट विचारा: आपले कॉलेज एन-लिस्टचे सभासद आहे का, माझे नाव यादीत कधी जाईल, आणि फाइली ठेवायला मला जागा मिळते का, ती घरून उघडते का? ई-मेलचा पत्ता स्वतःचा द्या. कॅफेवाल्याने प्रवेशअर्ज भरताना त्याचाच पत्ता टाकून दिलेला असतो, आणि मग पासवर्ड त्याच्याकडे जातो. असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. पासवर्ड मित्राला देऊ नका. एकाच नावाने दोन गावांतून ढीगभर लेख उतरवले गेले की प्रकाशक साऱ्या कॉलेजचे दार काही दिवस बंद करू शकतो. सेतू केंद्रात किंवा कॅफेत काम केले तर ‘पासवर्ड लक्षात ठेवू का’ या प्रश्नाला नाही म्हणा, उतरवलेल्या फाइली पुसा आणि बाहेर पडल्याची खात्री करून उठा. कॉलेजचा ड्राइव्ह कॉलेजच्या मालकीचा असतो, व्यवस्थापकाला तो बघता येतो. घरचे फोटो आणि आधार कार्डाच्या प्रती तिथे ठेवू नयेत.

आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी. अंतिम परीक्षा झाली, निकाल लागला, की काही दिवसांत तुमचे खाते बंद होते. काही ठिकाणी आधी सूचना येते, काही ठिकाणी येत नाही. तुमच्या प्रकल्पाची आकडेवारी, सर्वेक्षणाचे फॉर्म, मार्गदर्शकांच्या दुरुस्त्या असलेल्या प्रती हे सगळे त्याबरोबर जाते. नोकरीच्या मुलाखतीत किंवा पुढच्या प्रवेशाला तेच मागतात. शेवटचा पेपर झाल्यावर गावी जाण्याआधी अर्धा दिवस काढा आणि आवारात बसूनच सगळे उतरवून घ्या, कारण तिथे वेग चांगला असतो. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक स्वतःच्या ई-मेलच्या जागेत. पेनड्राइव्ह घरच्या संगणकाला लावण्याआधी विषाणू तपासून घ्या. प्रयोगशाळेतले संगणक शेकडो हातांतून गेलेले असतात.